हायब्रिड गाडी आणि चुकीची बेरीज

गणपतीच्या वर्गणीसाठी बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात बैठक भरली होती. वर्गणीचं अर्ध्या तासात आटोपलं आणि पुढचे दोन तास बोलणं झालं ते एका गाडीवर. वाड्यातल्या एका कुटुंबानं नवी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घेतली होती, पेढे वाटले होते, आणि पेढ्यांसोबत गाडीचं माहितीपत्रकही हातोहात फिरत होतं. एकानं त्यावर बोट ठेवलं : इंजिन 92 अश्वशक्तीचं, मोटर 80 ची, म्हणजे 172 झाले, मग खाली एकूण 116 का लिहिलंय, 56 घोडे गेले कुठं? दुसऱ्यांचा आक्षेप बॅटरीवर होता : "माझ्या मुलीच्या स्कूटरला तीन युनिटची बॅटरी आहे आणि वीस लाखांच्या या गाडीला पाऊण युनिटची. ही काय हायब्रिड झाली?" तिसरे तेवढ्यावरून थेट दिल्लीला पोहोचले. असल्या गाड्यांना सरकारनं एका पैशाचीही करसवलत देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. चौथ्यांना नेमकं उलट हवं होतं. उत्तर प्रदेशानं 2024 साली स्ट्राँग हायब्रिडचा, म्हणजे थोडं अंतर नुसत्या विजेवरही चालू शकणाऱ्या गाड्यांचा, नोंदणी कर माफ केला, तर गुजरातनं का करू नये? आवाज चढत गेले. वहिनींनी दुसऱ्यांदा चहा आणला तरी कोणी मागे हटेना.

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं मोटरी गुंडाळल्या. जळालेली मोटर उघडली की ती कशानं जळाली हे वासावरून सांगता येतं, इतका माझा आणि तांब्याच्या तारेचा सहवास. म्हणून हा वाद मला गप्प बसून ऐकवला नाही. चौघंही चुकीच्या आकड्यावर भांडत होते. वर्तमानपत्रांतून, टीव्हीवर, शोरूममध्ये चालतो तो वादही याच चुकीच्या आकड्यांवर चालतो. माझं म्हणणं असं : हायब्रिड गाडीचा दम इंजिन आणि मोटरच्या बेरजेत नसतो, बॅटरीत किती युनिट वीज मावते यातही नसतो. ती बॅटरी एका क्षणाला किती वीज देऊ शकते आणि किती परत घेऊ शकते, म्हणजे तिची किलोवॉटमधली ताकद किती, यावर गाडीची चाल आणि एव्हरेज दोन्ही बऱ्याच अंशी ठरतात. हा आकडा ग्राहकापुढे ठेवणं कंपन्यांना सक्तीचं करावं, आणि कर लावताना सरकारनं 'हायब्रिड' या नावाकडे न पाहता गाडीच्या मोजलेल्या गुणांकडे पाहावं.

आधी त्या हरवलेल्या 56 घोड्यांबद्दल. ते कोणी लपवलेले नाहीत, ते मुळात नव्हतेच. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटारा या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत इंजिन 68 किलोवॉटचं, मोटर 59 किलोवॉटची आणि मिळून ताकद 85 किलोवॉट, म्हणजे 116 अश्वशक्ती. आता 85 मधून 68 वजा करा. उरतात 17. बॅटरी आपल्या खिशातून घालते ती एवढीच भर. मग मोटर 59 किलोवॉटची का बसवली? कारण तिला वीज फक्त बॅटरीकडून मिळत नाही. या गाड्यांत इंजिनाची काही ताकद सरळ चाकांकडे जाते, काही जनित्राकडे. जनित्र वीज करतं आणि ती मोटरला मिळते. म्हणजे मोटरच्या 59 किलोवॉटमधला मोठा भाग इंजिनाचाच, वेष बदलून आलेला. तो दोनदा कसा मोजायचा? पगार झाल्यावर नवऱ्यानं बायकोच्या हातात दहा हजार ठेवले, तर घराचं उत्पन्न दहा हजारांनी वाढलं असं आपण म्हणत नाही. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये हे आणखी उघड दिसतं. इंजिन 98 अश्वशक्तीचं, मोटर 109 ची, आणि गाडीची एकूण ताकद फक्त 126. कारण तिथं बहुतेक वेळ इंजिन नुसतं जनित्र फिरवतं आणि चाकं मोटरच ओढते. इनोव्हा हायक्रॉसचंही तेच : 152 आणि 113 ची बेरीज 265 होते, गाडी देते 186. ही बेरीज फसवी आहे हे जगानंही मान्य केलंय. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांची ताकद कशी मोजावी यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत 2020 साली वेगळी चाचणीपद्धत आली. नुसत्या बेरजेनं भागलं असतं, तर तिची गरज कशाला पडली असती?

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. पादरा गावाकडचे एक शेतकरी दर उन्हाळ्यात जळालेली मोटर घेऊन यायचे. पाच एचपीची होती, पाणी खोल गेलं म्हणून त्यांनी साडेसातची घेतली, नंतर दहाची. तीन वर्षांत तीनदा वाइंडिंग बदललं. शेवटी मी त्यांच्या शेतावर गेलो. विहिरीपासून खांबापर्यंत चारशे फूट केबल, तीही जुनी, बारीक, मधे दोन ठिकाणी सांधलेली. मोटर सुरू करायला सांगितली आणि मीटर लावला तर व्होल्टेज पार खाली बसलेलं. मोटर मोठी, पण तिच्यापर्यंत ताकद पोहोचायची वाटच अरुंद. केबल बदलली. त्यानंतर ते माझ्याकडे आले ते मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन. हायब्रिड गाडीत बॅटरी, तिच्यामागची इलेक्ट्रॉनिक्स आणि जाड नारिंगी तारा मिळून ती केबल होते. मोटरचा आकडा कितीही मोठा छापा, केबल जेवढं देईल तेवढंच चाकाला मिळणार.

बडोद्याच्या माणसाला हे कळायला शेतावर जायचीही गरज नाही. आपल्या संस्थानाचा इतिहासच पुरेसा आहे. खंडेराव महाराजांनी 1862 साली डभोई ते मियागाम अशी छोट्या गेजची रेल्वे घातली. देशातल्या कोणत्याही संस्थानानं घातलेली ती पहिली रेल्वे. डबे ओढायला बैल होते. पुढच्याच वर्षी वाफेचं इंजिन आणलं, पण रूळ इतके हलके की त्याचं वजन पेलेना. इंजिनात ताकद नव्हती का? भरपूर होती. ती जमिनीवर उतरवणारा रूळ नव्हता. 1873 साली मजबूत रूळ टाकले, आणि त्या मार्गावर इंजिनं नियमित धावायला 1880 उजाडलं. अठरा वर्षं बैलांनी गाडी ओढली. बैठकीत 92 आणि 80 ची बेरीज करणारे गृहस्थ स्वतः डभोईचे. इंजिन आलं म्हणजे ताकद आली असं त्यांनी तरी म्हणू नये.

आता स्कूटर. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, कारण आकडे खरे आहेत. त्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी 0.76 युनिटची आहे, आणि चांगल्या विजेच्या स्कूटरची तीनच्या आसपास असते. पण युनिट म्हणजे साठा, आणि आपण बोलतोय जोराबद्दल. आजव्याचा तलाव काठोकाठ भरला म्हणून आमच्या वाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला जोर येत नाही. स्कूटरची मोटर सहाएक किलोवॉट मागते. तिची बॅटरी तेवढं देण्यासाठी आणि ते दिवसभर पुरवण्यासाठी बांधलेली. गाडीची पाऊण युनिटची बॅटरी एका क्षणाला 17 किलोवॉट देते. घरातले दोन किलोवॉटचे आठ गीझर एकदम सुरू केल्यासारखं. मुलीच्या स्कूटरची चौपट मोठी बॅटरी काढून त्या गाडीला लावली, तर गाडी चपळ होणार नाही, मठ्ठ होईल. हे कसं घडतं, तर सेलच्या आतल्या रचनेमुळे. साठा जास्त हवा असेल तर सेलच्या पत्र्यांवर रसायनाचा थर जाड देतात. जोर हवा असेल तर थर पातळ ठेवून पत्रे वाढवतात, म्हणजे विद्युतभार वाहणाऱ्या कणांना आत-बाहेर करताना कमी अंतर कापावं लागतं. फुलका तव्यावर टाकला की क्षणात फुगतो, जाड भाकरी आतपर्यंत भाजायला वेळ घेते. पीठ भाकरीत जास्त म्हणून घाईच्या वेळी भाकरी करायला कोणी घेत नाही.

मोटारींच्या शर्यतीतून याचा लखलखीत पुरावा मिळाला. फॉर्म्युला वनमध्ये 2009 साली ब्रेकची ऊर्जा साठवून पुन्हा वापरायची परवानगी मिळाली. मर्यादा होती 60 किलोवॉट ताकद, आणि एका फेरीत 400 किलोज्यूल ऊर्जा. 400 किलोज्यूल म्हणजे किती? एका युनिटाचा नववा भाग. दोन किलोवॉटचा गीझर त्यावर सव्वातीन मिनिटं चालेल. एवढ्याशा ऊर्जेवर ऐंशी जादा घोडे साडेसहा सेकंद मिळत, आणि तेवढ्यात पुढची गाडी मागे टाकता येई. रस्त्यावरच्या गाड्यांतलं उदाहरण टोयोटा प्रियसचं. 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या पहिल्या प्रियसची बॅटरी पावणेदोन युनिटांच्या आसपास आणि मोटर 30 किलोवॉटची. 2003 साली दुसरी पिढी आली तेव्हा बॅटरी घटून 1.3 युनिटांवर आली आणि मोटर वाढून 50 किलोवॉटची झाली. मधे व्होल्टेज 500 पर्यंत चढवणारं यंत्र बसवलं. साठा कमी झाला, तरी गाडी आकारानं मोठी, पळायला चपळ आणि पेट्रोल प्यायला कमी निघाली. 'बॅटरी केवढी' एवढंच विचारणाऱ्याला ही प्रगती अधोगतीच वाटली असती.

तरी स्कूटरवाल्या काकांच्या बोलण्यात एक सत्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. साठ्याला काही किंमतच नाही असं नाही. ती किंमत मला पावागडाच्या घाटात कळली. मार्चमध्ये भाच्याच्या हायब्रिडमधून आम्ही पाच जण माचीपर्यंत गेलो. पायथ्याशी गाडी सुरेख उचलत होती; वळणावर पाय दाबला की आवाज न करता पुढे सरकायची. पडद्यावर बॅटरीच्या आठ रेघा होत्या. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर त्या दोनवर आल्या आणि गाडीचा स्वभावच बदलला. इंजिन टिपेला गेलं, आवाज वाढला, पण वेग काही वाढेना. भाचा म्हणाला, "मामा, बिघडली का?" बिघडलं काहीच नव्हतं. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी शंभर मीटर उंच चढवायची तर 0.44 युनिट लागतात, वाटेतली गळती धरलेलीच नाही. आणि बॅटरी टिकावी म्हणून अशा गाडीत साठ्याचा मधलाच भाग वापरू देतात; पाऊण युनिटातलं हाती येतं जेमतेम तिसरा-चौथा भाग. म्हणजे बॅटरीतली वापरता येणारी सगळी वीज ओतली तरी शंभर मीटरही चढून होत नाही. त्यापुढे घाट इंजिनालाच चढायचा असतो, आणि हायब्रिडचं इंजिन पेट्रोल वाचवण्यासाठी जुळवलेलं असल्यानं कमी फेऱ्यांत ते मुळातच मवाळ. एकाच माहितीपत्रकातली 116 अश्वशक्ती पायथ्याला खरी असते आणि माचीजवळ खरी नसते. प्लग-इन हायब्रिडला, म्हणजे घरी चार्जिंगला लावता येणाऱ्या दहा-पंधरा युनिटांच्या बॅटरीला, हा घाट काहीच नाही. शिवाय सेल तोच ठेवून बॅटरी मोठी केली तर तिची ताकदही वाढते, हेही खरं. पण मग वजन वाढतं, किंमत वाढते, डिकी लहान होते, आणि ते ओझं पावागडला वर्षातून एकदा जाणारा माणूस रोज रावपुऱ्यातून वाहून नेतो. कोणाला काय परवडतं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ठरवायला आकडा तर हवा! बॅटरी उतरल्यावर गाडीत किती ताकद उरते, हे मला कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं आढळलं नाही.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं की, आम्हाला शर्यत लावायचीय का? बडोद्यात गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न एकच, "एवरेज केटली आपे छे?", म्हणजे एव्हरेज किती देते? किलोवॉट कोण विचारतो? प्रश्न रास्त आहे. पेट्रोलचे पैसे खिशातून जातात, ताकदीचे आकडे कागदावर राहतात. पण एव्हरेज येते कुठून? हायब्रिडची बचत मुख्यतः तीन ठिकाणी होते : गाडी उभी असताना इंजिन बंद राहतं, इंजिन सोयीच्या वेगात चालवता येतं, आणि ब्रेक मारताना उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा परत वीज होऊन बॅटरीत जाते. यातल्या तिसऱ्याकडे नीट पाहा. सोळाशे किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरनं चाललीय. तिच्या वेगात साठलेली ऊर्जा 222 किलोज्यूल. अकोटा पुलावरून उतरताना पुढे गाय आडवी आली आणि पाच सेकंदांत गाडी थांबवली, तर सरासरी 44 किलोवॉटनं ती ऊर्जा बाहेर पडते. मोटर एवढी वीज करू शकेल, पण बॅटरी ती घेईल का? समजा बॅटरी 20 किलोवॉट घेऊ शकते. मग निम्म्याहून जास्त ऊर्जा ब्रेकच्या चकतीत उष्णता होऊन गेली. तीच गाडी लांबून सिग्नल पाहून बारा सेकंदांत थांबवली, तर सरासरी साडेअठरा किलोवॉट निघतात, आणि जवळजवळ सगळं बॅटरीत जाऊ शकतं. म्हणून दोघांची गाडी एक, रस्ता एक, तरी एकाला लिटरमागे चोवीस मिळतात आणि दुसऱ्याला अठरा. आणि दुसरा कंपनीला शिव्या देतो. बॅटरीची घेण्याची ताकद जितकी मोठी, तितकी घाईच्या ब्रेकमधूनही जास्त वीज वाचते. म्हणजे ज्यांना फक्त एव्हरेज हवी त्यांनीच किलोवॉट आधी विचारायला हवेत.

माचीवरून उतरतानाही हेच दिसलं. चढताना रिकामी झालेली बॅटरी पहिल्या काही वळणांतच तुडुंब भरली, आणि त्यानंतर उताराची सगळी ऊर्जा नुसती वाया. इथं ताकद होती पण साठा संपला. दोन्ही लागतात. कोणत्या रस्त्याला कोणतं जास्त लागतं एवढाच प्रश्न आहे, आणि शहरातल्या थांब-चाल रस्त्याला ताकद जास्त लागते, कारण मांडवीत तुम्ही एका दमात कधी दोनशे मीटरही जात नाही.

याला जोडून एक गोष्ट, शोरूममध्ये कोणी सांगत नाही म्हणून. बॅटरीची ताकद ही दगडावरची रेघ नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 वर जातो. बॅटरी तापली की तिचा नियंत्रक स्वतःहून देणं-घेणं कमी करतो, सेल टिकावेत म्हणून. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून केबिनमधली गार हवा ओढून बॅटरी थंड ठेवतात. भाच्याच्या घरी त्या जाळीपुढे सतरंजी आणि मुलांची दप्तरं रचलेली होती, आणि जाळीच्या आतला फिल्टर मी काढून पाहिला तर त्यावर करड्या धुळीचा बोटभर थर. पंखा घरघरत होता, उन्हात एव्हरेज लिटरमागे दोन किलोमीटरनं उतरली होती. जाळी साफ केली, सतरंजी डिकीत टाकली. ताकदीचा आकडा लोकांना माहीत असता, तर तो कशानं घटतो हेही आपोआप विचारलं गेलं असतं.

हायवेचं थोडक्यात सांगतो. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर ताशी शंभरनं सलग चाललात, तर अशा गाडीला पंधरा-वीस किलोवॉट पुरतात आणि ते इंजिन सुखानं देतं. ब्रेक नाही, थांबा नाही. तिथं हायब्रिडचा फायदा थोडाच. बॅटरीची ताकद कामी येते ती ट्रक ओलांडताना, पाच-सात सेकंद. त्या पाच-सात सेकंदांची किंमत ज्यानं एकपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडलाय त्याला विचारा.

आता कराकडे. 'हायब्रिड' हा शब्द आपल्याकडे इतका ऐसपैस वापरला गेलाय की त्यावर धोरण उभं करणं म्हणजे वाळूवर खांब रोवणं. 2015 साली विजेच्या आणि हायब्रिड वाहनांना उत्तेजन देणारी केंद्राची फेम योजना आली तेव्हा माइल्ड हायब्रिड गाड्यांनाही सवलत मिळाली. माइल्ड हायब्रिड म्हणजे काय, तर सेल्फ-स्टार्टर आणि अल्टरनेटर यांच्या जागी एकच छोटी मोटर, दोन-अडीच किलोवॉटची. ती इंजिनाला हात देते, सिग्नलवर इंजिन बंद-चालू करते, पण नुसत्या विजेवर गाडी हलवू शकत नाही. या गाड्या वाईट नाहीत, थोडं पेट्रोल नक्की वाचवतात. पण दोन किलोवॉटची मदत आणि सतरा-पंचवीस किलोवॉटची मदत एकाच नावाखाली का मोजायची? सरकारला 2017 च्या एप्रिलपासून माइल्ड हायब्रिड योजनेतून वगळावे लागले. ताकदीचा आकडा सुरुवातीलाच अट म्हणून घातला असता, तर ही धरसोड टळली असती.

तिथून आपण शिकलो का? 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीत चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीच्या आतली पेट्रोल गाडी 18 टक्क्यांत, त्याहून मोठी 40 टक्क्यांत, विजेची गाडी 5 टक्क्यांत. ग्रँड विटारा माइल्ड आणि स्ट्राँग अशा दोन्ही रूपांत विकली गेली. जाहीर एव्हरेज मॅन्युअल माइल्डची 21.11, स्ट्राँगची 27.97. दोन्हींना 40 टक्केच. लांबी आणि सीसी या मोजपट्ट्या त्या काळच्या, जेव्हा गाडीत ताकद इंजिनातूनच यायची. दुसरीकडे कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा सरासरी इंधनवापर मर्यादेत आहे का हे मोजताना मात्र सरकार एक विजेची गाडी तीन गाड्यांइतकी आणि एक स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांइतकी धरतं. म्हणजे एका हातानं हायब्रिड दुप्पट मोलाची, आणि दुसऱ्या हातानं साध्या पेट्रोल गाडीच्या रांगेत उभी. कोणता हात खरा मानायचा?

सवलतीच्या विरोधकांचं सर्वांत भक्कम म्हणणं वेगळंच आहे. हायब्रिड शेवटी पेट्रोलच जाळते. सरकारी पैसा द्यायचा तर जी मुळीच जाळत नाही तिला द्या. हे मला पटतं. ज्याच्या घरी चार्जिंगची सोय आहे आणि ज्याचा रोजचा फेरा शहरातलाच आहे, त्यानं विजेची गाडीच घ्यावी. रोजच्या खर्चात हायब्रिड तिच्यापुढे टिकत नाही. पण आमच्या वाड्यात या. तिसऱ्या मजल्यावरून खाली तार सोडायची कुठून? गाडी उभी राहते ती दोन गल्ल्या पलीकडे, देवळाच्या भिंतीला. जुन्या बडोद्यात, जुन्या पुण्यात, इंदूरच्या राजवाड्याभोवती असे लाखो लोक राहतात. त्यांना '5 टक्के' हा आकडा दुकानाच्या काचेतून पाहायचा पदार्थ आहे. विजेच्या गाडीला 5 टक्के राहू द्या. पण बाकीच्या सगळ्यांना एका गठ्ठ्यात बांधू नका. लिटरमागे 28 किलोमीटर देणारी आणि 14 देणारी यांत फरक करा. मात्र हा फरक मापावर करा, नावावर नको, म्हणजे उद्या कोणी घड्याळातला सेल बसवून 'हायब्रिड' म्हणत सवलत मागायला येणार नाही.

"एवढे आकडे छापले तर सामान्य माणूस गोंधळेल," असं बैठकीतही कोणी म्हणालं. मला हे माणसाला कमी लेखणं वाटतं. फ्रिज आणि एसीवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे 2006 पासून लागायला लागले. आज माझी शेजारीण, जिची शाळा चौथीत सुटली, ती दुकानदाराला विचारते, "पाच स्टारवाला दाखव, आणि कोणत्या वर्षाचे स्टार आहेत ते बघू दे." तारे दरवर्षी सारखे नसतात हेही तिला ठाऊक आहे! लोकांना आकडा कळत नाही असं नसतं, योग्य आकडा त्यांच्यापुढे ठेवलाच जात नाही. हायब्रिड गाडीच्या काचेवर तीन ओळी पुरेत : बॅटरी किती किलोवॉट देते, किती किलोवॉट घेते, आणि बॅटरी उतरल्यावर गाडीत किती ताकद उरते. युनिट हवे तर चौथ्या ओळीत लिहा.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी स्कूटरवाले काका सकाळीच माझ्याकडे आले. त्यांच्या जावयाला गाडी घ्यायचीय. नोकरी हालोलला, आठवड्यातून दोनदा आईला घेऊन मांडवीतल्या डॉक्टरकडे. दोन गाड्यांची माहितीपत्रकं त्यांच्या हातात होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी पेन मागितलं आणि पहिल्या पत्रकाच्या समासात लिहिलं : 85 वजा 68. दुसऱ्यावर वजाबाकी करायला एकूण ताकदीचा आकडाच छापलेला नव्हता, इंजिनाचा आणि मोटरचा वेगवेगळा दिला होता. त्यांनी शोरूमला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, विचारून सांगतो." हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही, आणि जावयानं दुसऱ्या गाडीचे पैसे अजून भरलेले नाहीत.